आठ जणांना चार बाटल्या पुरे

घरच्या वाइन टेस्टिंगला आठ जणांना वाइनच्या किती बाटल्या लागतील विचारलंयस ना, तर चार वेगवेगळ्या घे, बास. टेस्टिंगला एकेकाला ५० मिली ओतायची, म्हणजे ७५० च्या बाटलीतली ४०० संपते आणि उरलेली मग जेवताना, ज्याला जी आवडली ती. क्रम मात्र पाळ, आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाइट, शेवटी रेड, उलटं केलंस तर रेडनंतर व्हाइट पाणचट लागते. आणि ते रेड रूम टेंपरेचरला वगैरे पुण्यात एप्रिल-मेमध्ये विसर, तिला १६-१८ डिग्री लागतं आणि आपल्या हॉलमध्ये दुपारी पस्तीसच्या वर असतं, त्यामुळे सरळ दोनेक तास फ्रीजमध्ये टाक.

बाकरवडी ठेवू का म्हणतोयस, तर पुणेकर असून सांगतो, रेडबरोबर नको!! तिखटावर टॅनिनवाली (म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्याची) रेड अजूनच तुरट नि जळजळीत लागते. ठेवायचीच असेल तर शेनिन ब्लां नावाच्या गोडसर व्हाइटबरोबर. बाकी चीज, काजू, साधा ब्रेड.

इम्पोर्टेडच्या मागे कशाला लागतोस, व्हाइटमध्ये नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आण आणि रेडमध्ये अकलूजकडची सांजोवेझे. हो, आणि हॉलमध्ये उदबत्ती लावू नका रे त्या दिवशी, वासच कळत नाही मग कशाचा.