विषय: पुन्हा: पुन्हा: निकाल लागला, पण कुठला?

प्रेषक: अण्णा

बापू, दोन दिवस तुमचं एकच पालुपद चाललंय, निकाल लागला, विषय संपला. कसला निकाल? शिवसेनेतल्या २०२२च्या फुटीवर ११ मे २०२३ला सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती चुकीची, आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणाऱ्याला) विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यताही बेकायदा. पाच न्यायमूर्ती, एकमत. एवढं झाल्यावर अपात्र आमदारांवर उभं राहिलेलं शिंद्यांचं सरकार वैध कसं, ते सांगा. आणि कृपा करून तुमच्या शब्दांत सांगा, आलेले फॉरवर्ड चिकटवू नका.

प्रेषक: बापू

अण्णा, सोयीचं तेवढंच वाचलंत. त्याच निकालात पुढे आहे की उद्धव ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता २९ जून २०२२च्या रात्री राजीनामा दिला, म्हणून त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवता येत नाही. शिंद्यांना शपथेसाठी बोलावणं योग्यच होतं, हेही तिथेच आहे. मग ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ने जिंकला. १७ फेब्रुवारी २०२३ला निवडणूक आयोगाने शिंदे गटाला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण दिला. १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. तीन-शून्य. आता तरी मान्य करा.

प्रेषक: ताई

अण्णा, बापू, दोघांनाही नमस्कार. मध्ये बोलायचं नव्हतं, पण हा घोळ बघवत नाही.

बापू, तीन-शून्य म्हणायला तिन्ही वेळा सामना एकच असावा लागतो. इथे तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळे प्रश्न होते. आयोगासमोरचा प्रश्न, नाव आणि चिन्ह कुणाचं. तो १९६८च्या चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५खाली सुटतो. आयोगाने पाहिलं ते ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार कुणाकडे आहेत ते. त्या ४० जणांना पडलेली मतं पक्षाच्या विजयी आमदारांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के भरतात, हेही धरलं. पराभूत उमेदवारांना पडलेली मतं त्या हिशेबात नाहीत. हे बरोबर की नाही यावर भांडा, जरूर भांडा, पण त्यातून कुणी पक्षांतर केलं की नाही हे ठरत नाही.

ते ठरतं घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, आणि ठरवतात विधानसभेचे अध्यक्ष (आपल्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नव्हे, त्यांना बिचाऱ्यांना यात ओढू नका). तिसरा प्रश्न राज्यपालांचा, तो कोर्टासमोर होता. अण्णांच्या हातात फक्त हा तिसरा निकाल आहे आणि त्याच्या जोरावर ते आमदार अपात्र होते म्हणतात. कोर्टाने कुणालाच अपात्र ठरवलं नाही, ते काम अध्यक्षांकडेच ठेवलं. तुम्ही दोघं एकमेकांना उत्तर देतच नाही आहात, आपापली तारीख फेकताय.

राहिला प्रतोद. व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, काढायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, असं कोर्टाचं म्हणणं. हा फरक किरकोळ वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. निवडून आलेल्या आमदारांचा घोळकाच पक्ष मानला, तर बहुसंख्य आमदार कधीच पक्षांतर करू शकत नाहीत. ते जिथे जातील तिथे पक्ष जातो!

प्रेषक: अण्णा

ताई, तुझं म्हणणं कळलं, पण बापूंचा खरा मुद्दा राहिला. गेल्या आठवड्यात ते छातीठोकपणे म्हणाले होते की दोन तृतीयांश आमदार बाहेर पडले की कायदा लागूच होत नाही. म्हणे ५५चे दोन तृतीयांश ३७, शिंद्यांकडे ४०, झालं. हे कायद्यात कुठे लिहिलंय?

प्रेषक: ताई

कुठेच नाही. १९८५ला ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून त्यांना संरक्षण होतं. त्याचा इतका गैरवापर झाला की २००३च्या ९१व्या दुरुस्तीने ती सोयच काढून टाकली. आता फुटीचा बचाव उरलेला नाही, हे ११ मेच्या निकालातही आहे. दोन तृतीयांश हा आकडा आहे तो विलीनीकरणासाठी. म्हणजे मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन तृतीयांश आमदारांनी त्याला संमती दिली, तर.

बापू, इथे तुम्हाला विचारते, शिवसेना कशात विलीन झाली? शिंद्यांनी स्वतः असं कधी म्हटलं नाही. आम्हीच मूळ पक्ष, हा त्यांचा दावा होता. तेव्हा ३७चा आकडा त्यांच्या वकिलांच्याही कामाचा नव्हता. तो फक्त टीव्हीवरच्या चर्चेत आणि आपल्याकडे चालतो.

प्रेषक: धाकटा

काका, ताई, एक बाळबोध प्रश्न. अध्यक्ष स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, मग अपात्रता त्यांच्याकडे कशी? आणि त्यांनी दीड वर्ष निर्णयच दिला नाही तर?

जाता जाता, इथे मतदानाचा हक्क आहे असा एक मीच दिसतो. तुम्ही सगळे ओसीआयवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले. आणि मलाही मत द्यायचं तर तिकीट काढून थेट बूथवरच उभं राहावं लागेल.

प्रेषक: ताई

प्रश्न बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे. १९९२ला किहोतो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने अध्यक्षांचा अधिकार मान्य केला, पण ते लवाद म्हणून काम करतात, तेव्हा त्यांच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असंही ठरवलं. उशिराचं म्हणशील तर २०२०ला मणिपूरच्या प्रकरणात कोर्टाने साधारण तीन महिने ही मुदत घालून दिली. हे काम एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायचा विचार संसदेने करावा, असंही सुचवलं. संसदेने केला नाही. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, आपल्याच माणसाच्या हातातली चावी कोण देणार? महाराष्ट्रात याचिका २०२२ला दाखल झाल्या आणि निर्णय जानेवारी २०२४मध्ये आला, तोही कोर्टाने वारंवार तारखा ठरवून दिल्यावर.

प्रेषक: बापू

ताई, विलीनीकरणाचं ठीक आहे, पण तुझा सूर एकाच बाजूला झुकतो. घराण्याच्या हाती असलेल्या पक्षात आमदारांनी नेतृत्वाविरुद्ध आवाज उठवायचा कुठे? व्हिपच्या धाकाने सगळ्यांनी माना डोलवायच्या, ही लोकशाही? पक्षाची २०१८ची सुधारित घटना आयोगाच्या नोंदीतच नव्हती, म्हणून अध्यक्षांनी १९९९ची धरली. पक्ष चालवणाऱ्यांनी साधे कागद जपू नयेत?

प्रेषक: ताई

कागदांचं तुमचं म्हणणं मला पटतं, आणि व्हिपचंही. सरकार पडण्या-तरण्याचा प्रश्न नसेल तेव्हाही आमदाराने पक्षादेशानेच मत द्यावं, हे मलाही खटकतं. पण त्यावर उपाय व्हिपची कक्षा कमी करणं हा आहे. शिंदे गटाच्या आमदारांसारखं गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन बसणं म्हणजे नेतृत्वाविरुद्ध आवाज उठवणं, हे मी मानायची नाही. आणि १९९९ची घटना धरली तरी विधानसभेबाहेरची पक्षरचना बघायची असं कोर्टाने अध्यक्षांना सांगितलं होतं. शेवटी वजन पडलं ते आमदारांच्या संख्येलाच.

प्रेषक: अण्णा

म्हणजे मी म्हणत होतो तेच.

प्रेषक: ताई

नाही अण्णा. तुमची बाजूही नीट उभी राहत नाही. अध्यक्षांनी शिंद्यांचा पक्ष खरा मानला, त्यांच्या गटाच्या भरत गोगावल्यांचा प्रतोद म्हणून अधिकारही मान्य केला, तरी ठाकऱ्यांच्या चौदा आमदारांना अपात्र केलं नाही, कारण व्हिप त्यांना रीतसर बजावलाच गेला नव्हता. दोन्ही बाजू चिडल्या. एक सुप्रीम कोर्टात गेली, दुसरी मुंबई हायकोर्टात. तुमच्या आणि बापूंच्या मेलमध्ये हे चौदा आमदार कधीच येत नाहीत. त्यांचं काय करायचं, ते आधी सांगा.

प्रेषक: बापू

चौदांचं मी सांगतो, पण उद्या. अण्णांना तोवर दहाव्या अनुसूचीतला विलीनीकरणाचा परिच्छेद चार वाचू दे.