मदत हवी आहे: रॉटवायलर, पिटबुल कुत्र्यांवर बंदी घालून चावे थांबतात काय?

नमस्कार मंडळी, बेळगावच्या अनगोळात आमच्या गल्लीत पंच म्हणूलेत रॉटवायलर, पिटबुल पाळायचंच नाही असा ठराव करूया, पण मागच्या महिन्यात पोराच्या पोटरीला धरलं ते साधं गावठी कुत्रं होतं ओ, दिवसभर आखूड साखळीला बांधलेलं, सुटलं की अंगावर. केंद्राने मार्च 2024 ला 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलेलं ते कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमध्येच रद्द केलं, आणि नेदरलँड्सने तर 2008 ला पिटबुलबंदी मागे घ्यायचं ठरवलं, चावे कमी झाले नाहीत म्हणून. मला वाटतं जातीपेक्षा मालकाला धरायला पाहिजे, पट्टा, रेबीजची लस, लायसन. पोरांची लई काळजी वाटते. निपाणी, खानापूरकडं कुणाच्या गल्लीत असला ठराव केलाय काय, त्यात नेमकं काय लिहिलं? सांगा की.