पॉइंटांपलीकडचे शिक्षण

डॉक्टर परिषदांना केवळ क्रेडिट पॉइंटसाठी जातात, हे मत अगदीच निराधार नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करताना 30 पॉइंट दाखवावे लागतात आणि ते सभागृहात नुसते बसूनही मिळतात. मात्र स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तळाच्या विकारांत शिकणे थांबवून चालत नाही. अंग बाहेर येण्यावर (गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकण्यावर) योनीमार्गातून जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी उत्साहाने शिकवली जात होती. एप्रिल 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

माझ्या मते खरा उपयोग व्याख्यानांपेक्षा कार्यशाळांचा होतो. प्रसूतीत गुदद्वाराभोवतीचा स्नायू फाटला, तर त्याची टोके आत ओढली जातात. ती चिमट्याने शोधायची, बाहेरचा लालसर आणि आतला फिकट असे दोन स्नायू वेगळे ओळखायचे आणि स्वतंत्रपणे शिवायचे, हे स्लाइड पाहून येत नाही, डुकराच्या अवयवावर हात चालवूनच येते. टाके घालण्यापूर्वी गुदद्वारात बोट घालून तपासण्याची सवयही तिथेच लागते, आणि ती तपासणी न झाल्याने नजरेतून सुटलेली जखम त्या बाईला शौचावर ताबा न राहण्याच्या रूपाने वर्षानुवर्षे, बहुधा कोणाला न सांगता, सोसावी लागते.

मी पाहिलेल्या कार्यशाळांत प्रसूतिगृहातील परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट क्वचितच दिसल्या, याची मात्र खंत वाटते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम करताना रुग्ण योग्य स्नायू आवळते आहे की नुसता श्वास रोखून पोट ताणते आहे, हे त्याच पाहतात. आयोजकांनी त्यांच्यासाठी शुल्क कमी ठेवावे.