पाणीपट्टी वाढली, पाणी कुठाय? कोकणातले अनुभव इथे लिहा

धागाकर्ती

या वेळचं बिल मी दोनदा वाचलं. युनिटला, म्हणजे 1000 लिटरला, 15 रुपये होते ते 24 झाले. स्थिर आकार वेगळा. मागच्या खेपेला भरलेले पैसे पुन्हा 'थकबाकी' म्हणून लावलेले, आणि त्या थकबाकीवर शास्तीसुद्धा! पावती घेऊन गेले तर म्हणाले, आधी भरा, नंतर पुढच्या बिलात वळतं करू.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान शहरात, किनाऱ्यालगत. पाणी एक दिवसाआड येतं, पहाटे साडेपाचला, चाळीस मिनिटं. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. चांगली चार-पाच मिनिटं नुसती हवा येते. एकदा टॉर्च घेऊन मीटरपाशी बसले. बादलीत थेंब नाही आणि मीटरचं लाल चक्र गरगर फिरतंय. तेव्हापासून वहीत लिहायला लागले. आमच्या लाईनवर दुसरा नळच नाही, पाणी थेट 500 लिटरच्या टाकीत पडतं आणि टाकी रिकामी असतानाच मी नळ उघडते. दोन आठवड्यांत सात वेळा टाकी भरली, म्हणजे 3500 लिटर. मीटर पुढे गेला 4700. उरलेल्या 1200 लिटरचे पैसे मी कशाचे भरले?

पाणी फुकट मिळावं असं मी कधीच म्हटलं नाही. सासूबाईंनी पन्नास वर्षं रहाटावर हात सोलून घेतले, त्यामुळे नळाची किंमत या घराला पुरेपूर ठाऊक आहे. पण दर वाढवताना कोणी विचारलं नाही, का वाढवला ते सांगितलं नाही, आणि पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या मुलखात हे चाललंय, याचा मला मनापासून संताप येतो.

तुमच्याकडे काय आहे ते लिहा. बिल किती, पाणी किती दिवस, तक्रार कुठे केलीत, कोणी ऐकली का. गावाचं नाव नको असेल तर नका लिहू.

माहेरवाशीण

ताई, तुमच्याकडे मीटर तरी फिरतोय. आमच्या वाडीत नळ आहे आणि पाणी नाही. जल जीवन मिशनमधून अंगणात नळ आला, निळ्या पाइपाला पितळी तोटी, बाजूला सिमेंटचा छोटा खांब. माणशी रोज 55 लिटर मिळणार असं ग्रामसभेत सांगितलं होतं. पहिल्या पावसाळ्यात दोन महिने पाणी आलं. नंतर टाकी गळते म्हणून बंद झालं ते झालंच. तोटीला आता कोळ्याचं जाळं आहे.

पाणीपट्टी मात्र आली. आधी सामान्य पाणीपट्टी होती, आता विशेष पाणीपट्टी, वर्षाचे 1800. मी भरली नाही. मे महिन्यात मुलाच्या कॉलेजसाठी रहिवासी दाखला हवा होता. दाखल्यासाठी गेले तर आधी घरपट्टी आणि पाणीपट्टी भरा म्हणाले. मुलाचा प्रवेश अडकला असता म्हणून भरले. घरी येऊन त्याच दिवशी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन खालच्या व्हाळातल्या (ओढ्यातल्या) डवऱ्यावर, म्हणजे पात्रात खणलेल्या खड्ड्यावर, गेले. वाटीने पाणी भरायचं, एक हंडा भरायला पाऊण तास. पावती अजून कमरेच्या पिशवीतच होती.

चाकरमानी_डोंबिवली

आमचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. गणपतीला पाच दिवस, शिमग्याला तीन दिवस आणि मे महिन्यात जमलं तर आठवडा. नळपट्टी पूर्ण वर्षाची भरतो, त्याबद्दल तक्रार नाही, गावाची योजना चालायला हवी. पण ज्या पाच दिवसांसाठी भरतो त्याच पाच दिवसांत पाणी नसतं. घराघरात वीस-वीस माणसं, गौरी आलेल्या, आणि नळ कोरडा. गेल्या वर्षी आम्ही भावांनी मिळून टँकर आणला, रात्री दोन वाजता. वाटेतल्या वाडीने तो अडवला, कारण त्यांच्याकडेही नव्हतं. अर्धा त्यांना दिला. त्यात चूक काय, आपलीच माणसं.

खारेपाट

पेण-अलिबागच्या खारेपाटातून लिहितोय. हेटवणे धरण आमच्या तालुक्यात. पाणी नवी मुंबईला जातं, आणि आम्ही खाडीच्या काठाला मचूळ विहिरी उपसत बसतो. मोर्चे झाले, उपोषणं झाली, आमच्या आयाबायांनी हंडे घेऊन रस्ते अडवले.

एप्रिल-मेमध्ये पाणी पिंपाने विकत घेतो. 200 लिटरचं पिंप 70 रुपये. म्हणजे 1000 लिटरला 350. ताईंच्या 24 रुपयांवर त्यांचा राग बरोबरच आहे, पण ज्यांच्याकडे नळच चालत नाही ते सगळ्यांत महाग पाणी पितात हेही इथे नोंदलेलं असू दे. आणि ही पिंपाची किंमत कोण ठरवतं? टँकरवाला. सकाळी 60, दुपारी 70. त्याच्यावर विचारणारं कोणीच नाही.

व्हॉल्वमन_निवृत्त

मी 27 वर्षं एका गावाच्या नळपाणी योजनेवर काम केलं. पंप चालवला, व्हॉल्व सोडले, लिकेज काढले, वसुलीलाही फिरलो. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आमची जॅकवेल, म्हणजे पंपाने पाणी उचलायची विहीर, नदीच्या पात्रात. जुलैत पूर आला की गाळ आत शिरतो, मोटार बसते. मोटार वर काढायची, रिवाइंडिंगला तालुक्याला न्यायची, तोवर चार-आठ दिवस पाणी बंद. 2021 च्या 22 जुलैला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्याकडेही पंपघरात छातीएवढं पाणी होतं, स्टार्टर, पॅनेल, सगळं गेलं. मार्चनंतर उलटं. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, पात्र आटतं, पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप, फुटव्हॉल्व, उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. कोकणात पाऊस पडतो खूप, पण नद्या आखूड, चढ मोठा. सह्याद्रीवर पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं.

खर्च म्हणाल तर सगळ्यांत मोठा विजेचा. नदी खाली आणि टाकी टेकडीवर, पाणी चढवायचं म्हणजे मोटार दिवसाला सहा-सात तास चालणार. पाणीपट्टीची वसुली अर्ध्यावरही जायची नाही. वीजबिल थकलं की कनेक्शन कापलं जायचं आणि शिव्या मला मिळायच्या, कारण चावी माझ्या हातात. ज्यांनी सगळे पैसे वेळेवर भरले त्यांचं पाणीही बंद व्हायचं. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

आणि गळती. रात्री दोनच्या सुमारास, गाव झोपलं की, मी लोखंडी सळी घेऊन लाईनवरून फिरायचो. सळीचं एक टोक पाइपावर किंवा जमिनीवर, दुसरं कानाला. फुटलेल्या जागी खालून सूं असा एकसुरी आवाज येतो. एकदा एका वळणावर असा आवाज लागला, खणलं तर सांधा सुटलेला, आणि बाजूच्या माडाच्या मुळांत पाणी मुरत होतं. किती वर्षं मुरत होतं देव जाणे. तो एक सांधा बांधल्यावर वरच्या वाडीला पाणी चढलं. दर वाढवण्याआधी असे सांधे शोधले असते तर निम्मं भांडण मिटलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

ताई, तुमच्या हवेबद्दल. पाणी असं बंद-चालू होतं तेव्हा रिकाम्या पाइपात हवा भरते. पाणी सुटलं की ती हवा पुढे ढकलली जाते आणि मीटरमधून जाताना चक्र फिरवते. तुमचं निरीक्षण खरं आहे. ही हवा बाहेर जावी म्हणून लाईनच्या उंच जागी एअर व्हॉल्व असतात. बरेच ठिकाणी ते गंजून अडकलेले असतात, किंवा पाण्यासाठी लोकांनीच फोडलेले असतात आणि मग दुरुस्तीऐवजी बूच मारून टाकतात. तुमच्या रस्त्याच्या चढावर चौकोनी चेंबर असेल, त्यात बघा. आणि मीटर तपासणीचा अर्ज लेखी द्या, तोंडी नको.

माहेरवाशीण

काका, तुमच्यासारखा माणूस आमच्या योजनेवर असता तर! आमच्याकडे नेमलेला मुलगा सहा महिने पगार नाही म्हणून मुंबईला गेला.

माडाखाली

मालवण तालुका. आमचं न्याहारी-निवासाचं छोटं घर आहे, तीन खोल्या. त्यामुळे पाणीपट्टी व्यावसायिक दराने, घरगुतीच्या तिप्पट. ठीक आहे, पाहुण्यांकडून आम्ही कमावतो. पण पाणी त्याच पाइपातून, त्याच वेळी, तेवढंच. विहिरीचं पाणी एप्रिलपासून खारं लागतं. चहा फाटतो. पाहुण्यांना वीस लिटरचे जार आणून देतो. आई रोज पहाटे खिडकीतून शेजारणीला हाक मारते, "पाणी इला काय गो?" आणि पलीकडून उत्तर येतं, "खंय इला!" गेली तीन वर्षं आमच्या आळीची सकाळ अशीच उजाडते.

हिशेबनीस

माझं सगळं आयुष्य लेखा विभागात गेलं, आता आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार आहे. बिलाच्या मागे काय आहे ते सांगतो.

विजेचा दर वाढवायचा असेल तर प्रस्ताव राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे ठेवावा लागतो. तो जाहीर होतो, ग्राहक हरकती नोंदवतात, सुनावणी होते. दर शेवटी वाढतो बहुतेक वेळा, हे मान्य, पण कागद उघड्यावर येतात. पाण्यासाठीही 2005 च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. मात्र ते ठोक दर ठरवतं, धरणा-नदीतून नगरपरिषदेला, कारखान्याला, शेतीला मिळणाऱ्या पाण्याचा. तिथून पुढे तुमच्या नळापर्यंतचा दर स्थानिक संस्था ठराव करून ठरवते. पाणी देणारी तीच, दर ठरवणारी तीच, आणि तक्रारही पहिल्यांदा त्याच टेबलावर. आपला राग कुठे जाऊन आदळतो आणि तिथेच का विरतो, ते यातून कळेल.

आम्ही संस्थेतर्फे माहितीचा अधिकार वापरला. 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. चार गोष्टी मागितल्या: पाणीपुरवठ्याचा वर्षाचा जमा-खर्च, पंपाची वीजबिलं, पंपघराचं लॉगबुक आणि पाणी तपासणीचे अहवाल. जमा-खर्च मिळाला. लॉगबुक 'उपलब्ध नाही'. किती तास पंप चालला हेच नोंदलेलं नाही, तर किती पाणी सोडलं हे कोणाला माहीत असणार? मग दर कशाच्या आधारावर ठरतो? ही मला सगळ्यांत गंभीर गोष्ट वाटते. आम्ही पहिलं अपील केलंय.

अवजल

चिपळूणच्या बाजूचा आहे. कोयनेचं पाणी वीज तयार करून वाशिष्ठीत येतं, त्याला आम्ही अवजल म्हणतो. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं हे पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट). नदीकाठच्या आमच्या वाडीतून ते डोळ्यांदेखत समुद्राकडे जातं आणि काठापासून अर्ध्या कोसावरच्या वाडीत मे महिन्यात टँकर येतो. लहानपणापासून हे अवजल वापरण्याच्या घोषणा ऐकतोय.

झऱ्याकाठी

आमच्या वाडीने वेगळा मार्ग धरला. वरच्या डोंगरात बारमाही झरा आहे. चौदा घरांनी वर्गणी काढली, दीड किलोमीटर काळा पाइप टाकला, ग्रॅव्हिटीने पाणी येतं, विजेचा खर्च शून्य. नोव्हेंबरात सगळे मिळून पऱ्यावर (ओढ्यावर) पोत्यांचा वनराई बंधारा घालतो, त्याने झरा महिनाभर जास्त टिकतो. दर महिन्याला घरटी 50 रुपये, वही देवळात ठेवलेली, कोणीही उघडून बघावी. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी आम्हाला अजूनही येते, कारण कागदावर आमच्या वाडीला नळ आहेत.

सगळीकडे झरा नसतो हे मला कळतं. पण वही देवळात ठेवायला झरा लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. व्हॉल्वमन काका, तुमचं वाचून काल संध्याकाळी मी आणि शेजारच्या वहिनी चढावरचं चेंबर शोधायला गेलो. झाकणावर खडीचा ढीग होता, तो बाजूला केला. आत एअर व्हॉल्व आहे. त्याच्या तोंडात लाकडी बूच ठोकलंय आणि वर सायकलची ट्यूब गुंडाळलीय. फोटो काढला.

आज सकाळी फोटो, वहीची नक्कल आणि मीटर तपासणीचा अर्ज, असं तिन्ही घेऊन कार्यालयात गेले. आवक विभागातल्या मुलीने वही उलटून बघितली आणि हळूच म्हणाली, आमच्याकडेही असंच फिरतं. अर्जावर शिक्का आणि आवक क्रमांक घेतलाय. हिशेबनीस काकांनी सांगितलेली चार कागदपत्रं मागणारा माहिती अधिकाराचा अर्जही दिला. आळीतल्या अकरा घरांनी उद्यापासून वही लिहायचं ठरवलंय, प्रत्येकाने आपापल्या टाकीचं माप आधी नीट घ्यायचं आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.