झेनॉनने नियम मोडला त्याची गोष्ट
अष्टकाचा नियम सांगतो की बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पूर्ण झाले की अणू कुणाशीच संयोग करत नाही; झेनॉन हा असाच आठ पूर्ण असलेला निष्क्रिय वायू. दहावीच्या परीक्षेपुरतं ठीक आहे, पण १९६२ मध्येच नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने हे खोटं ठरवलं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे प्लॅटिनम-फ्लोरिनचं संयुग ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे त्याला दिसलं होतं. झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, मग करून बघायला काय हरकत? त्या संयुगाची लालभडक वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र आले नि क्षणात पिवळसर नारिंगी घनपदार्थ तयार!

नियम मोडणारे आणखीही आहेत: बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनचं आठऐवजी सहा इलेक्ट्रॉनवरच भागतं, ते वेगळंच. आणि नायट्रिक ऑक्साइड? बाहेरच्या कक्षेतले नायट्रोजनचे पाच अधिक ऑक्सिजनचे सहा, अकरा इलेक्ट्रॉन. जोड्या लावा बघू!