मदत हवी आहे: नवरा-बायको मिळून एक्सपेडाइट ट्रक चालवायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो, मूळचे सांगलीचे. दोघांनीही सीडीएल, म्हणजे व्यावसायिक ट्रकचं लायसन्स काढलंय, पुढच्या महिन्यापासून टीम म्हणून स्ट्रेट ट्रक (केबिन आणि मालाचा डबा एकाच चासीवर असलेला) चालवायचा विचार आहे. माल घाईचा. टेक्सासमधल्या लरेडोहून डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांना सुटे भाग, म्हणजे १,६०० मैलांहून जास्त आणि मुक्काम नाही.

नियम पाठ आहेत. १० तास विश्रांती, मग १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास ड्रायव्हिंग. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बर्थमध्ये पट्टा लावून झोपायचं.

माझी खरी काळजी ही झोपच. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका जोडप्याबरोबर एक रात्र गेले होते. काका चालवत होते, मी मागे. प्रत्येक ब्रेकला माझाच पाय दाबला जायचा, डब्यातले चमचे खणखणत होते. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. अशा अवस्थेत स्टिअरिंग धरणं म्हणजे जिवाशी खेळ, स्वतःच्याही आणि रस्त्यावरच्या लोकांच्याही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, सवय व्हायला किती दिवस लागले? रात्रीची पाळी एकानेच कायम घ्यावी की आलटूनपालटून?

दुसरं, एक ट्रकमालक भाड्यातले ६० टक्के आम्हाला द्यायला तयार आहे, पण डिझेल आमचं. लोड न मिळता दोन-तीन दिवस ट्रक स्टॉपवर काढावे लागले तर हे परवडतं का? स्वतःचा ट्रक घ्यायची घाई आम्हाला नाही. करारात काय आधी लिहून घ्यावं, तेवढं जरूर सांगा.