व्हायोलिनच्या आकाराचा पोकळ बास गिटार हाताला कसा वाटतो?

प्रश्न : ३४ इंची स्केलची (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाच्या लांबीची) सवय असलेल्याने १९५६ च्या हॉफनर ५००/१ या व्हायोलिनच्या आकाराच्या वाद्याच्या धर्तीचा बास घ्यावा का?

उत्तर १ : अवश्य घ्यावा. त्याचे स्केल सुमारे ३० इंचांचे असल्याने डाव्या हाताची बोटे फारशी ताणावी लागत नाहीत, आणि पोकळ अंगामुळे वाद्य इतके हलके असते की दीर्घकाळ उभ्याने वाजवले तरी खांदा दुखत नाही. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांवर त्याचा गोलसर, लवकर विरणारा स्वर मला अतिशय प्रिय आहे.

उत्तर २ : या बासची घोडी (तारांना आधार देणारा लाकडी तुकडा) केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते, सगळ्या तारा एकदम काढल्यास ती सरकते; म्हणून तारा एकेक करून बदलाव्यात.

उत्तर ३ : मोठ्या आवाजात पोकळ बासला फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज वाद्यात परत शिरून होणाऱ्या घुमण्याचा) त्रास होतो. तिथे मधोमध लाकडी ठोकळा असलेला, १९५८ चा गिब्सन ईबी-२ सारखा बास अधिक योग्य.